हर्बर्ट मिंटन : नक्षीदार भाजक्या फरशीचा पुनरुद्धारक

कुंभाराचे चाक ज्याने कधी आपल्या उपजीविकेसाठी फिरविले नाही, त्याचे नाव मृत्तिकाकामाच्या इतिहासात अग्रभागी घालावे की नाही, असा प्रश्न आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींपुढे ठेविला तर पुष्कळांचे मत प्रतिकूल पडेल, आणि ते स्वाभाविकही आहे. माती मळताना ज्याचे पाय भरून आले नाहीत, आवा उकलताना तडकलेली भांडी पाहून ज्याच्या पोटात गोळा उठला नाही, त्यास ह्या धंद्यातले मर्म काय कळणार? तथापि ज्यांचे चरित्र येथे संक्षेपाने सांगावयाचे आहे ते हर्बर्ट मिंटन अशाच प्रकारचे गृहस्थ होते. ते स्वतः घडविणारे कारागीर म्हणून वाढले नव्हते. रसायनशास्त्राची वा शिल्पकलेची कोणतीही पदवी त्यांजपाशी नव्हती. आणि ज्या दोन शोधांमुळे त्यांच्या कारखान्याची फरशी जगभर गेली, त्यांपैकी एकाचीही मूळ सनद त्यांच्या नावाची नव्हती. असे असूनही भाजक्या मातीच्या नक्षीदार फरशीची गोष्ट निघाली म्हणजे प्रथम मिंटन हेच नाव तोंडी येते. हे श्रेय त्यांस कोठवर शोभते, ह्याचा निवाडा वाचकांनी पुढील हकीकत वाचून आपापल्या परीने करावा.

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. तेथे माती आणि दगडी कोळसा ही दोन्ही एकमेकांच्या शेजारीच निघत असल्यामुळे स्टोक व त्याच्या भोवतालची गावे पिढ्यानुपिढ्या मृत्तिकापात्रांच्या धंद्यावर पोसली गेली. बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या आणि त्यांच्या धुराने काळवंडलेले आकाश, हे त्या गावांचे जुने स्वरूप होते. सुप्रसिद्ध जोसाया वेजवुड तिकडचेच. हर्बर्टचे वडील थॉमस मिंटन हे मूळचे ताम्रपटावर नक्षी कोरणारे. चिनी मातीच्या भांड्यांवर छापावयाच्या निळ्या चित्रांचे पट ते कोरीत. पुढे त्यांनी स्टोक येथे जमीन घेऊन स्वतःचा कारखाना काढला व १७९६ च्या सुमारास तेथून माल बाहेर पडू लागला. हर्बर्ट यांचा जन्म १७९३ चा. म्हणजे मुलगा आणि कारखाना हे एकाच सुमारास वाढीस लागले असे म्हणावयास हरकत नाही.

शिक्षण फारसे लांबले नाही. वयाच्या पंधराव्या सोळाव्या वर्षीच वडिलांनी त्यांस पेढीच्या कामास जुंपले, आणि तेही भट्टीवर नव्हे, तर मालाचे नमुने घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्याच्या कामास. ही गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु माझ्या मते पुढील सर्व कर्तृत्वाचे बीज येथेच आहे. घडविणाऱ्यास आपल्या मातीची ओळख असते. विकणाऱ्यास घेणाऱ्याच्या मनाची. कोणत्या घरात काय खपते, कोणत्या वस्तूस लोक पैसे मोजतात आणि कोणती वस्तू नुसती उचलून पाहून परत ठेवितात, हे त्या कोवळ्या वयात त्यांच्या ध्यानात भरले. थोरल्या भावाने धंद्यातून अंग काढून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. त्यामुळे कारखान्याचा भार हळूहळू हर्बर्ट यांच्यावरच आला. १८३६ साली थॉमस मिंटन निवर्तले तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि ज्या प्रयोगांपायी पुढे त्यांस कीर्ती मिळावयाची होती ते प्रयोग त्यापूर्वीच सुरू होऊन गेले होते.

हे प्रयोग कशाचे, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. इंग्लंडात तेराव्या शतकापासून मठांच्या व देवळांच्या जमिनीवर एक विशेष प्रकारची फरशी बसवीत असत. तांबड्या मातीच्या चौकोनी थापीवर लाकडी साचा दाबून नक्षीचा खोलगट ठसा उमटवावयाचा, त्या खोलगट भागात पांढरी माती भरावयाची आणि मग ती थापी भाजावयाची. नक्षी वरून रंगविलेली नसून मातीच्या अंगातच बसविलेली असल्यामुळे शेकडो वर्षे पायांखाली घासूनही ती पुसली जात नसे. लंडन येथील वेस्टमिन्स्टर मठाच्या सभागृहाची फरशी १२५० नंतरच्या दशकातली असून ती आजही पाहावयास मिळते. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांची मालमत्ता खालसा केली. मठ गेले तसे फरशीस गिऱ्हाईक राहिले नाही. गिऱ्हाईक गेल्यावर कारागीर दुसऱ्या कामास लागले, त्यांच्या मुलांनी ते काम शिकण्याचे कारण उरले नाही, आणि दोनतीन पिढ्यांत ती विद्या समूळ नाहीशी झाली. ती कोणी लिहून ठेविली नव्हती. हाताची विद्या क्वचितच लिहिली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुनी देवळे दुरुस्त करण्याची हौस इंग्लंडात उत्पन्न झाली, तेव्हा खालची झिजलेली फरशी सर्वांस दिसत होती. परंतु तशी एक नवी थापी करून देणारा मनुष्य देशात उरला नव्हता.

१८३० साली स्टोकजवळच्या शेल्टन गावच्या सॅम्युअल राइट नावाच्या गृहस्थाने अशी फरशी यांत्रिक साच्यांच्या साहाय्याने करण्याच्या पद्धतीची सनद, म्हणजे पेटंट, मिळविले. त्यांची युक्ती खरी होती. पण युक्ती कागदावर खरी असणे आणि भट्टीतून शंभरांपैकी नव्वद नग धड बाहेर पडणे ह्यांत किती अंतर असते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. राइट यांच्या हातून हा धंदा काही भरभराटला नाही. त्यांनी आपल्या सनदेतील हक्क इतरांस दिले. एक वाटा वूस्टर येथील कारखानदारांकडे गेला आणि दुसरा, विक्रीवर ठराविक हिस्सा देण्याच्या करारावर, हर्बर्ट मिंटन यांच्याकडे आला.

ह्यापुढील काही वर्षे म्हणजे ह्या चरित्रातील खरा कसोटीचा काळ होय. अडचण कोठे होती ती नीट पाहिली पाहिजे. ओली माती सुकताना आकसते व भाजताना पुन्हा आकसते. एकंदरीत दर इंचामागे सुमारे एक दशांश इंच ती लहान होते. परंतु प्रत्येक माती सारखी आकसत नाही. तांबडी माती अधिक आकसली आणि पांढरी कमी, तर भरलेली नक्षी फुगून वर येते व आजूबाजूची थापी तडकते. उलट झाले तर नक्षी आपल्या घरात सैल होते आणि फरशी हातात घेताच टपकन गळून पडते. मातीत घोड्याची लीद किंवा राख किती घालावी, ह्याचा अंदाज आपल्याकडील जुना कुंभार बोटांच्या चिमटीत घेत असे. त्यामागचे कारण हेच की माती सारखी सुकावी व तडा जाऊ नये. येथे तर दोन परस्परभिन्न मातींस एकाच चालीने आकसावयास लावावयाचे होते. शिवाय तांबड्या मातीतील लोहाचा डाग पांढरीत उतरता कामा नये. शिवाय थापी इंचभर जाड, म्हणजे वरचा पापुद्रा सुकून आतला गाभा ओलाच राहण्याचे भय. मग भट्टीत ती वाकडी होते किंवा फुटते.

मिंटन यांनी ह्यापायी वर्षानुवर्षे पैसा ओतला. आरंभी हे काम कारखान्याच्या एका कोपऱ्यात, अगदी लहान प्रमाणावर चाले. भांड्यांच्या विक्रीवर जो नफा होई तो फरशीच्या खापऱ्यांत जाई, आणि भट्टी उकलली की फुटक्या फरश्यांचा ढीग तेवढा वाढे. हितचिंतकांनी त्यांस हा नाद सोडून देण्याचा सल्ला दिला असल्यास नवल नाही. पण एक एक फरशी करावयास कितीही खर्च लागो, ती करून दाखविल्यावाचून राहावयाचे नाही, असा त्यांचा हट्ट होता असे सांगतात. अखेरीस जे साधले ते एका चमत्काराने नव्हे. माती गाळून बारीक करावयाची व दोन्ही मिश्रणे आकसण्यात एकमेकांशी जुळेपर्यंत कमीजास्त करीत राहावयाचे. थापीचे पोट जाड्याभरड्या मातीचे ठेवून वर व खाली बारीक मातीचा थर द्यावयाचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढ सारखी राहून ती वाकत नाही. पाठीस भोके पाडावयाची, म्हणजे आतला ओलावा निघून जातो व बसविताना चुना घट्ट धरतो. नक्षीच्या खोलगट भागात पांढरी माती साईसारखी पातळ करून अंमळ जास्तच ओतावयाची, ती आळल्यावर धारदार पात्याने पृष्ठभाग खरवडावयाचा, की खालून स्वच्छ रेषांची नक्षी उघडी पडे. मग आठवडेच्या आठवडे मंद उष्णतेवर सुकविणे, आणि सरतेशेवटी भट्टी. ह्यांतली प्रत्येक गोष्ट लहान आहे. पण एक जरी वगळली तरी फरशी फुटते.

१८४१ च्या सुमारास लंडन येथील टेंपल चर्च ह्या प्राचीन देवळाची दुरुस्ती निघाली आणि तेथील जमिनीचे काम मिंटन यांस मिळाले. नक्षीचे नमुने वेस्टमिन्स्टरच्या त्याच जुन्या सभागृहातील फरशीवरून घेतले होते. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या विद्येची ही जाहीर परीक्षाच होती. तीत ते उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर कामास तोटा राहिला नाही.

ह्याच काळात ऑगस्टस पुगिन ह्या तरुण वास्तुशिल्पज्ञाशी त्यांचा स्नेह जडला. पुगिन हे वयाने मिंटन यांच्याहून एकोणीस वर्षांनी लहान, स्वभावाने तापट, आणि मध्ययुगीन कलेच्या प्रेमाने अक्षरशः झपाटलेले. ते रोमन कॅथलिक पंथात गेलेले, तर मिंटन हे इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे निष्ठावान अनुयायी. त्या दिवसांत ह्या दोन पंथांतील तेढ थोडीथोडकी नव्हती. परंतु ती ह्या स्नेहाच्या आड आली नाही. पुगिन यांनी नक्षी काढावी आणि मिंटन यांनी ती मातीत उतरवावी, असा क्रम पडला. १८३४ च्या ऑक्टोबरात लंडनचे पार्लमेंटगृह आगीत भस्मसात झाले होते. चार्ल्स बॅरी यांच्या देखरेखीखाली जे नवे भवन उभे राहिले त्याच्या आतील सजावटीची बरीच कल्पना पुगिन यांची, आणि पायाखालची शोभिवंत फरशी मिंटन यांची. आता फरशी दोन रंगांची राहिली नव्हती. निळा, पिवळा, काळा असे रंग मातीतच मुरवून भरण्याचे कसब कारखान्यास साधले होते. रॅम्सगेट येथे पुगिन यांनी स्वखर्चाने बांधलेल्या देवळात त्यांच्या नावाची आद्याक्षरे असलेली मिंटन फरशी आहे. अतिश्रमाने मनाचा तोल जाऊन १८५२ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी पुगिन वारले.

दुसरा शोध १८४० सालचा. बर्मिंगहॅम येथील रिचर्ड प्रॉसर नावाच्या यंत्रज्ञाने असे शोधून काढले की, माती चिखल करून न वापरता ती सुकवून, कुटून, जेमतेम ओलसर अशा भुकटीच्या रूपात पोलादी साच्यात घालावी व दट्ट्याने प्रचंड दाब द्यावा. भुकटी घट्ट होऊन बाहेर पडते. प्रॉसर यांचे लक्ष गुंड्यांकडे, म्हणजे सदऱ्याच्या बटनांकडे होते. त्या युक्तीत फरशी दडलेली आहे हे ज्यांनी ओळखले त्यांत मिंटन होते, आणि त्यांनी तत्काळ त्या सनदेत वाटा मिळविला. चिखलाच्या थापीतील पाणी जाण्यास जे आठवडे लागत ते येथे वाचले, कारण पाणी मुळात घातलेलेच नव्हते. आकसणेही कमी झाले आणि एक नग दुसऱ्यासारखा तंतोतंत निघू लागला. साध्या रंगाच्या, भौमितिक आकाराच्या फरश्या आणि भिंतीस लावावयाच्या पांढऱ्या चकचकीत लाद्या ह्या पद्धतीने स्वस्त झाल्या. आज जगात भिंतीस व जमिनीस बसणाऱ्या बहुतेक भाजक्या लाद्या भुकटी दाबूनच होतात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या बटनांच्या शोधाचे महत्त्व कळून येईल.

मग मागणीची रीघ लागली. महाराणी व्हिक्टोरिया यांच्या ऑस्बोर्न येथील प्रासादात मिंटन फरशी बसली. लिव्हरपूल येथे १८५४ साली उघडलेल्या सेंट जॉर्ज सभागृहाच्या जमिनीत तीस हजारांहून अधिक फरश्या आहेत. ती इतकी जपली जाते की वर्षातील बहुतेक काळ तिच्यावर लाकडी तक्तपोशी घातलेली असते. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात कारखान्यास सर्वोच्च प्रतीचे पदक मिळाले. लेओं आर्नू ह्या फ्रेंच मृत्तिकातज्ज्ञास मिंटन यांनी दोनतीन वर्षे आधीच आपल्याकडे आणून कलाविभाग त्यांच्या स्वाधीन केला होता. परकी माणसाच्या हाताखाली आपल्या कारागिरांस द्यावयास त्यांनी कमीपणा मानला नाही, हा त्यांचा विशेष. भांड्यांच्या बाजूची ती हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

मिळालेल्या संपत्तीचा विनियोग त्यांनी उदार हस्ताने केला. स्टोकनजीक हार्ट्सहिल येथे १८४२ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने देऊळ बांधविले. त्याचे शिल्पकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे होत. त्याच्या जमिनीस व भिंतींस अर्थातच त्यांच्याच कारखान्याची फरशी. शेजारी शाळा आणि घरेही उभारिली. आसपासच्या कित्येक देवळांस त्यांनी फरशी दान म्हणून दिली. ह्यात धर्मबुद्धी किती आणि मालाची जाहिरात किती, अशी शंका कोणी घेईल. दोन्हीही असावीत; एकामुळे दुसरी खोटी ठरते असे मला वाटत नाही.

आता श्रेयाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. राइट यांस मिंटन यांनी ठरलेला हिस्सा दिला; सनद डावलून, किरकोळ फेरफार करून तीच वस्तू आपली म्हणून खपविण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. प्रॉसर यांच्या बाबतीतही तसेच. म्हणजे शोधकांशी व्यवहार चोख होता. राहिले ते तिसरे भागीदार, ज्यांच्याशी कोणताच करार झाला नाही. तांबडी व पांढरी माती कोणत्या प्रमाणात जुळते, हे ज्यांच्या बोटांस प्रथम उमगले, पाते नेमके किती खोल चालवावे हे ज्यांनी शेकडो थापी बिघडवून ठरविले, त्या कामगारांची नावे फरशीच्या पाठीवर नाहीत. तेथे फक्त मालकाचा शिक्का आहे. मिंटन यांच्यावाचून ते प्रयोग दुसऱ्याच वर्षी बंद पडले असते हे निर्विवाद. पण कारागिरांवाचून ते सुरूच झाले नसते. इतिहासकारांनी पहिली बाजू मन लावून लिहिली आहे. दुसरी बाजू लिहावयास साधन उरलेले नाही, आणि हे शल्य आपल्या ज्ञातीच्या वाचकांस इतरांपेक्षा अधिक जाणवेल.

उतारवयात मिंटन यांची प्रकृती खालावली. त्यांस अपत्य नव्हते म्हणा किंवा असते तरी, धंद्याची सूत्रे पुतण्या-भाच्यांकडेच गेली. मायकेल डेंट्री हॉलिन्स हे फरशीचा विभाग पाहत आणि कॉलिन मिंटन कँबेल हे भांड्यांचा. दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की ह्या आरोग्यस्थळी १ एप्रिल १८५८ रोजी हर्बर्ट मिंटन यांचे वयाच्या पासष्टाव्या वर्षी देहावसान झाले. हार्ट्सहिलच्या त्यांनीच बांधलेल्या देवळात त्यांचे दफन झाले.

त्यांच्या मागे दहा वर्षांतच नातलगांचे पटेनासे झाले. १८६८ साली भागीदारी मोडली. फरशी हॉलिन्स यांच्याकडे आणि भांडी कँबेल यांच्याकडे राहिली. पुढे फरशीवर मिंटन हे नाव कोणी घालावे ह्यावरून तंटा विकोपास जाऊन प्रकरण न्यायालयात गेले आणि १८७५ च्या सुमारास हॉलिन्स यांचा हक्क मान्य झाला. ज्यांनी दुसऱ्याची सनद रीतसर विकत घेतली होती, त्यांच्याच नावासाठी घरातली माणसे भांडावीत, हा दैवदुर्विलास होय.

फरशी मात्र दूरदूर गेली. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेल्या वस्तुसंग्रहालयात, ज्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, मिंटन फरशीच आहे. मुंबईस जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी ती अवश्य पाहावी. आपल्याकडील जुन्या वाड्यांतून व चाळींतून दिसणारी रंगीत नक्षीची लादी पुष्कळदा हिच्याशी एक समजली जाते, पण ती बव्हंशी सिमेंटची, साच्यात दाबून पाण्यात मुरविलेली असते. तिने भट्टी पाहिलेली नसते.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील कॅपिटल भवनाच्या दालनांत १८५६ पासून पुढील काही वर्षे मिंटन फरशी बसविण्यात आली. तीतील रंगीत मातीचा थर सुमारे एक अष्टमांश इंच जाड असल्यामुळे शंभर वर्षांची वर्दळ तिने सोसली. पुढे मात्र ती ठिकठिकाणी झिजून गेली, आणि १९७० नंतर ती बदलावयाची वेळ आली, तेव्हा असे आढळून आले की ही फरशी करणारे कारखाने केव्हाच बंद पडले आहेत आणि ती करण्याची रीत जाणणारा कोणी मिळत नाही. तीनशे वर्षांच्या खंडानंतर जी विद्या मिंटन यांनी परत आणिली होती, ती त्यांच्या मागे शंभर वर्षांत दुसऱ्यांदा हरवली होती. स्टॅफर्डशायरमधीलच एका कारखान्याने जुन्या फरश्या फोडून, त्यांचे थर तपासून, माती पुन्हा जुळवून पाहावयास आरंभ केला. आणि १९८६ साली नव्या फरश्यांची पहिली खेप कॅपिटलच्या जमिनीत बसली.